हे आईन्स्टाईनचं फर्मान नाही

नमस्कार. प्रतिक्रिया खरमरीत आहे पण मुद्देसूद आहे, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जाऊ शकत नाही ही मर्यादा हे आईन्स्टाईनचं फर्मान आहे आणि मी ते पोथीसारखं वाचून दाखवलं, ध्वनीचा वेगही १९४७ साली ओलांडलाच, तेव्हा पुरेसं ताकदवान इंजिन मिळालं की हाही अडसर जाईल, शिवाय दूरच्या दीर्घिका (गॅलेक्सी) प्रकाशापेक्षा वेगाने दूर जातातच की.

ध्वनीचं आधी उरकतो. १९४७ साली ध्वनीला मागे टाकणाऱ्या वैमानिक चक येगरच्या विमानाच्या कितीतरी आधीपासून बंदुकीच्या गोळ्या तो वेग ओलांडत होत्या. अडचण विमानाच्या बांधणीची होती, निसर्गाची नव्हे.

इंजिनाचा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि तो प्रयोगशाळेत विचारूनही झालाय. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विल्यम बर्टोझी यांनी इलेक्ट्रॉनांचे झोत वेगवेगळ्या ऊर्जेने सोडले आणि ८.४ मीटर कापायला त्यांना किती वेळ लागतो ते मोजलं. निष्कर्ष १९६४ साली छापून आले. ऊर्जा पाच लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) असतानाच न्यूटनच्या सूत्राने वेग प्रकाशाच्या १.४ पट भरायला हवा, भरला ०.८७ पट. ऊर्जा वाढवत तीसपट केली. न्यूटनच्या हिशेबाने आता साडेसात पट! प्रत्यक्षात वेग जेमतेम प्रकाशाच्या वेगापाशी आला.

तुम्ही म्हणाल, ऊर्जा इलेक्ट्रॉनांपर्यंत पोचलीच नसेल. ही पळवाटही बर्टोझींनी बुजवली होती. झोताच्या वाटेत शेवटी अ‍ॅल्युमिनियमची चकती ठेवून ती किती तापते ते पाहिलं. ऊर्जा १५ लाखांवरून ४५ लाखांवर नेली तेव्हा दर इलेक्ट्रॉनमागे उष्णता तिप्पट झाली, वेग मात्र दोन-तीन टक्केच हलला.

आता खरा प्रश्न: मर्यादा असावीच का? इथे आईन्स्टाईनला क्षणभर बाजूला ठेवू. एकसमान गतीने जाणाऱ्या सगळ्यांना निसर्गाचे नियम सारखेच, आणि अवकाशातली कुठलीच जागा वा दिशा खास नाही, एवढंच धरून चला. प्रकाशाचं नावही न घेता, एवढ्यावरून वेगांच्या बेरजेचं सूत्र जवळपास ठरून जातं, हे इग्नाटोव्स्की या रशियन भौतिकीतज्ज्ञाने १९१० मध्ये दाखवलं. मोकळा उरतो तो एकच आकडा: सर्वांना सारखाच दिसणारा वेग. तो अनंत असेल तर आपली शाळेतली साधी बेरीज. तो सांत, म्हणजे अनंत नसलेला, असेल तर तीच मर्यादा, आणि मग (हा वेग १ धरून) ०.९ अधिक ०.९ म्हणजे १.८ नव्हे, ०.९९४. दोन्हींपैकी खरं कोणतं हे कागदावर ठरत नाही, मोजावंच लागतं. मोजल्यावर तो सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर निघाला. प्रकाश त्या वेगाने जातो कारण त्याला वस्तुमान नाही. गुरुत्वीय लहरींचंही, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचंही, तेच: ऑगस्ट २०१७ मध्ये न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) एकाच टकरीतून निघालेली लहर आणि गॅमा किरण (हाही प्रकाशच, फक्त जास्त ऊर्जेचा) सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर १.७ सेकंदांच्या फरकाने पोचले.

आणि फर्मान म्हणाल, तर ऑपेरा प्रयोगाच्या गटाने ते २०११ मध्ये उघड मोडून पाहिलंच होतं! सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेहून ७३० किलोमीटरवरच्या, इटलीतल्या ग्रान सासोच्या प्रयोगशाळेला न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं त्यांनी जाहीर केलं. कुणी त्यांना वाळीत टाकलं नाही. तपासणी झाली, आणि घोळ निघाला मुख्यतः नीट न बसलेल्या ऑप्टिकल फायबरच्या जोडणीत.

राहिल्या दीर्घिका. तुमची माहिती बरोबर आहे. पण तिथे मधलं अवकाशच ताणलं जातंय. शेजारून जाणाऱ्या प्रकाशकिरणाला त्यातली एकही दीर्घिका मागे टाकत नाही.