सत्तर लाख म्हणजे नेमके किती?

ओबामाकेअरवर, म्हणजे लोकांना आरोग्यविमा मिळावा म्हणून ओबामांनी अमेरिकेत आणलेल्या कायद्यावर, वाद घालायचाय? अवश्य घाला. अमेरिकेतल्या एडिसनमध्ये शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला घाला, नाहीतर पुण्यात बसून अमेरिकेतल्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर घाला. फक्त एक पथ्य पाळा. ‘किती लोकांनी विमा घेतला?’ हा प्रश्न जितका मोठ्या आवाजात विचारता येईल तितका विचारा, पण ‘घेतला म्हणजे नेमकं काय केलं?’ याचं उत्तर ठरू देऊ नका. ते ठरलं की वाद दहा मिनिटांत संपतो आणि मग जेवणापर्यंत बोलायचं काय?

आधी बाजू निवडा. समजा, तुम्ही सरकारच्या बाजूचे आहात. 1 ऑक्टोबर 2013 रोजी हेल्थकेअर डॉट गव्ह ही विमा घ्यायची सरकारी वेबसाइट सुरू झाली आणि लगेच कोलमडली. अशा प्रसंगी विमा घेणाऱ्यांबद्दल चकार शब्द काढायचा नसतो, डोकावून गेलेल्यांबद्दल बोलायचं. पहिल्या चोवीस तासांत 47 लाख लोक साइटवर आले, हे अभिमानानं सांगा. त्यातल्या किती जणांच्या पदरात विमा पडला असं कुणी विचारलंच, तर आकडे महिन्यातून एकदाच देणार म्हणा. महिनाअखेरीस एखादी संसदीय समिती तुमच्या बैठकांची टिपणं बाहेर काढेल आणि पहिल्या दिवसाचा आकडा सहा होता हे जगाला कळेल. सहा लाख नव्हे, सहा हजारही नव्हे. सहा. मारुती व्हॅनमध्ये मावतील इतके. तरी डगमगू नका, दुसऱ्या दिवसाअखेर तो 248 झाला होता. वाढीचा वेग काढून दाखवा, समोरचा गप्प बसेल.

पहिल्या महिन्याचा सरकारी आकडा आला 1,06,185. इथे नीट लक्ष द्या, कारण कलेचा गाभा इथेच आहे. हे लोक ‘योजना निवडलेले’ होते. पहिला हप्ता भरलेले आणि न भरलेले, सगळे एकाच ओळीत. आपल्याकडे लग्नात ‘नक्की येतो हं’ म्हणणाऱ्यांची संख्या वेगळी असते आणि पंगतीला बसणाऱ्यांची वेगळी. कॅटररला कुठली सांगायची हे वधुपित्याला बरोबर कळतं. वॉशिंग्टनमध्ये मात्र पहिली संख्या सरकारनं घेतली, दुसरी विरोधकांनी घेतली आणि दोघंही एकमेकांना खोटारडे म्हणत राहिले. दोघांचीही संख्या खरी होती, हेच तर सौंदर्य आहे.

आता समजा तुम्ही विरोधात आहात. मग तुमचं हत्यार एकच: ‘पैसे किती जणांनी भरले?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा बिघडवून वापरावा लागतो. ते कसं, हे अमेरिकी संसदेतल्या प्रतिनिधिगृहाच्या ऊर्जा आणि वाणिज्य समितीकडून शिका. विरोधी रिपब्लिकन पक्षाचं बहुमत असलेल्या या समितीनं विमा कंपन्यांकडून माहिती मागवली आणि 30 एप्रिल 2014 रोजी जाहीर केलं की 15 एप्रिलपर्यंत फक्त 67 टक्के लोकांनी पहिला हप्ता भरलाय. एक तृतीयांश गायब! आता विमा घ्यायच्या 31 मार्चच्या मुदतीच्या तोंडावर, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धात ज्यांनी विमा घेतला त्यांचा विमा मेमध्ये सुरू व्हायचा होता. त्यातल्या बऱ्याच जणांचा हप्ता भरायची तारीखच उलटली नव्हती. दूधवाल्यानं वीस तारखेला येऊन तुमच्या नावापुढे ‘बुडवलं’ लिहावं, तसं. पण हा तपशील तळटीपेत राहू द्यावा, तळटीप वाचतो कोण? आठवड्याभरात, 7 मे रोजी, त्याच समितीपुढे विमा कंपन्यांचे अधिकारी आले आणि बहुतेकांनी 80 ते 90 टक्क्यांच्या आसपास हप्ते आल्याचं सांगून टाकलं. साक्षीदार आपणच बोलावले होते, हा तेवढा दोष राहिला. तुम्ही पॉटलकला साक्षीदार बोलावू नका.

आरोपाची वेळही महत्त्वाची. रिपब्लिकन सिनेटर जॉन बरासो यांनी 30 मार्च 2014 रोजी, म्हणजे मुदत संपायच्या आदल्या दिवशी, टीव्हीवर सांगून टाकलं की सरकार हिशेबात गडबड करतंय. अंतिम हिशेब यायचा होता. तो आल्यावर आरोप करणं कुणालाही जमतं.

उद्दिष्टाचं तंत्र दोन्ही बाजूंनी आत्मसात करावं. आरोग्यमंत्री कॅथलीन सिबेलियस यांनी साइट सुरू होण्याच्या आदल्या दिवशी म्हटलं होतं की मार्चअखेर किमान 70 लाख म्हणजे यश. साइट आपटली, अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयानं अंदाज 60 लाखांवर आणला आणि फेब्रुवारीत उपाध्यक्ष बायडन म्हणाले, पन्नास-साठ लाख झाले तरी सुरुवात झकासच. मग 1 एप्रिलला ओबामांनी व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये 71 लाखांचा आकडा जाहीर केला, आणि तेच 70 लाख पुन्हा पहिल्यापासूनचं पवित्र उद्दिष्ट ठरलं. (एप्रिल फूलच्या दिवशी आकडा जाहीर करायला धाडस लागतं, हे मान्य केलं पाहिजे.) पुढच्या हंगामासाठी सरकार शहाणं झालं. अर्थसंकल्प कार्यालय 2015 साठी 1 कोटी 30 लाख म्हणत असताना आरोग्यखात्यानं स्वतःसाठी 90 ते 99 लाखांचं लक्ष्य ठेवलं. पोराला पंचाहत्तर टक्के पडणार हे ठाऊक असलं की शेजाऱ्यांना साठ सांगून ठेवायचे, हे आपल्या आयांना कुणी शिकवावं लागत नाही.

चित्र काढता येत असेल तर फारच उत्तम. 31 मार्च 2014 रोजी फॉक्स न्यूजनं दोन खांबांचा आलेख दाखवला: एका बाजूला झालेले 60 लाख, दुसऱ्या बाजूला लक्ष्याचे 70 लाख 66 हजार. आकडे अचूक. फक्त पहिला खांब दुसऱ्याच्या जेमतेम एक तृतीयांश उंचीचा होता, कारण तळ शून्यापासून सुरूच होत नव्हता. दुसऱ्या दिवशी वाहिनीनं आलेख दुरुस्त केला. तोवर व्हायचं ते काम झालं होतं.

बेरीज मात्र सरकारपक्षाकडूनच शिकावी. विम्याचं गणित तरुणांवर उभं असतं: धडधाकट पंचविशीतला हप्ता भरतो आणि साठीतल्याचं ऑपरेशन होतं. म्हणून 18 ते 34 वयाचे किती आले याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. 17 एप्रिलला 80 लाखांचा आकडा जाहीर करताना सांगण्यात आलं की केंद्रीय साइटवरून आलेल्यांत 35 वर्षांखालचे 35 टक्के आहेत. ऐकायला भरघोस! त्यात दुपट्यातली बाळंही होती. ती वगळून 18 ते 34 वयाचे उरले 28 टक्के. हा आकडा लपवला नव्हता, फक्त शेजारी ठेवला होता.

आणि दात. दातांकडे दुर्लक्ष करू नका, असं डॉक्टर उगाच नाही सांगत. सप्टेंबर 2014 मध्ये सरकारनं संसदेला सांगितलं की 73 लाख लोक हप्ता भरून विम्यात टिकून आहेत. नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाच्या देखरेख समितीनं शोधून काढलं की त्यात सुमारे चार लाख निव्वळ दातांच्या पॉलिसी मिसळल्या आहेत. एकाच माणसाकडे आरोग्याची आणि दातांची अशा दोन पॉलिसी असल्या, तर तो दोन माणसं झाला. दात काढल्यावर आकडा नेमका 70 लाखांच्या खाली उतरला. नव्या आरोग्यमंत्री सिल्व्हिया बरवेल यांनी ही चूक खपवून घेण्यासारखी नसल्याचं मान्य केलं. म्हणजे इतके दिवस सत्तर लाखांचा डोलारा उभा होता तो दातांच्या जोरावर.

एका आकड्यापासून मात्र दूर राहा: मुळात विमाच नसलेल्यांचा. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत अशा प्रौढांचं प्रमाण 2013 च्या तिसऱ्या तिमाहीत 18 टक्के होतं, 2014 च्या दुसऱ्या तिमाहीत 13.4 टक्क्यांवर आलं. यात हप्ता, दात, बाळं, काहीच घालता येत नाही, त्यामुळे वादाला निरुपयोगी. अगदीच कुणी काढलं, तर जनगणना खात्यानं ऐन त्याच वर्षी विम्याबद्दलचे प्रश्न बदलले याकडे सूचक नजरेनं पाहा. नवे प्रश्न 2013 सालाबद्दलच विचारले गेले, म्हणजे कायद्याआधीचं वर्षही नव्या पट्टीनंच मोजलं गेलं, हे बोलायचं नाही. सूचक नजर पुरते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. उलट, धडा आता कुठे पक्का होतोय. 2021 नंतर अनुदान वाढलं, कमी उत्पन्नवाल्यांना हप्ता शून्यावर आला आणि 2025 साठी 2 कोटी 40 लाखांहून जास्त नावं आली. ज्या रिपब्लिकन पक्षाची दहा वर्षं ‘कुणी घेतच नाही’ म्हणण्यात गेली, त्याला आता ‘इतके आले कुठून?’ हा प्रश्न पडलाय. काही दलालांनी लोकांना न विचारता त्यांची नावं घातली, याच्या तक्रारी खऱ्या आहेत. पण तेवढ्यावर थांबू नका. वर्षभरात ज्यानं एकदाही डॉक्टरचं बिल लावलं नाही तो भूत समजावा. 2014 मध्ये याच धडधाकट माणसाची वाट बघत सगळा देश बसला होता, ही आठवण काढणाऱ्याला वाढायचं नाही.

आणि पॉटलकमध्ये एखादी बाई मध्येच म्हणाली की नोकरी गेली तेव्हा याच विम्यावर माझी केमो झाली, तर सहानुभूतीनं मान हलवा, भजी पुढे करा आणि हळूच विचारा: पहिला हप्ता कुठल्या तारखेला भरला होता हो, वहिनी?