हजारो पेपर आहेत, म्हणून औषध लागू पडते असे नाही

कोविडची लाट ओसरून वर्षे झाली, तरी एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतोच आहे. त्याचा सारांश असा: फ्रान्समधल्या मार्सेयचे दिदिए राऊल्ट हे जगातले अव्वल सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, त्यांच्या नावावर दोन हजारांहून जास्त शोधनिबंध, लाखाच्या घरात सायटेशन्स (इतरांच्या पेपरांत झालेले उल्लेख). एवढा माणूस हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने (मलेरिया, ल्युपस आणि संधिवातावरचे जुने औषध) कोविड बरा होतो म्हणाला, तर तो चुकेल कसा? औषध कंपन्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये खोटा अभ्यास छापून त्यांना पाडले आणि या औषधावरचा त्यांचा 2020 चा पेपरही 2024 मध्ये दाबून टाकला. गेल्या आठवड्यात हा मजकूर आमच्या डॉक्टरांच्याच एका ग्रुपवर आला आणि खाली भराभर अंगठे पडले. तेव्हा एकेक मुद्दा घेऊनच बोलू.

राऊल्ट यांचे मोठेपण खोटे नाही. व्हिपल या दुर्मिळ रोगाचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवणे आणि 2003 मध्ये मिमीव्हायरस हा महाकाय विषाणू जगापुढे आणणे, ही त्यांच्या गटाची पक्की कामे आहेत. 2010 मध्ये त्यांना फ्रान्सच्या इन्सर्म या वैद्यकीय संशोधन संस्थेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. यातले काहीही मला कमी लेखायचे नाही.

पण दोन हजार पेपर म्हणजे चाळीस वर्षे दर आठवड्याला जवळपास एक. एवढे एकटा माणूस लिहीत नाही. मोठ्या संस्थेच्या प्रमुखाचे नाव तिथल्या बहुतेक पेपरांवर लागते. शिवाय फ्रान्समध्ये सिगाप्स नावाची पद्धत आहे. त्या काळी तिचा हिशेब असा होता: जर्नलच्या दर्जाला 8 ते 1 गुण, लेखकाच्या क्रमाला 4 ते 1 गुण, दोन्हींचा गुणाकार, आणि त्यावरून रुग्णालयाला सरकारी पैसा. सर्वांत खालच्या जर्नलमधल्या पेपरनेही पदरात काहीतरी पडायचेच. ‘न्यू मायक्रोब्ज अँड न्यू इन्फेक्शन्स’ या जर्नलमधल्या जवळजवळ एक तृतीयांश लेखांवर राऊल्ट यांचे नाव होते आणि त्याच्या संपादकांत त्यांचे सहकारी होते. आपल्याकडेही मेडिकल कॉलेजात बढतीसाठी पेपर लागतात, त्यामुळे नुसत्या संख्येने काय होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा तो पेपर. मजकूर पुढे पाठवणाऱ्या किती जणांनी तो उघडून पाहिला असेल, मला शंका आहे. 16 मार्च 2020 ला तो जर्नलकडे गेला, 17 ला स्वीकारला गेला, 20 ला ऑनलाइन आला. त्या जर्नलचे मुख्य संपादक स्वतः पेपरचे सहलेखक होते.

औषध दिलेले रुग्ण होते 26. हिशेबात धरले 20. उरलेल्या सहांचे काय झाले, ते पेपरातच लिहिले आहे: तिघे आयसीयूत गेले, एक दगावला, एक रुग्णालय सोडून गेला, एकाने मळमळीमुळे औषध थांबवले. आयसीयूत गेलेला किंवा दगावलेला रुग्ण औषधाच्या अपयशाच्या खात्यात जायला हवा. इथे तो खात्यातूनच गेला. मग सहाव्या दिवशी 20 पैकी 14 जणांची पीसीआर निगेटिव्ह, म्हणजे 70 टक्के यश, असे जाहीर झाले. तुलनेसाठीचे 16 रुग्ण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. त्यांत औषध नाकारलेले होते आणि दुसऱ्या केंद्रांतलेही होते. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक जोडून दिलेले रुग्ण फक्त सहा, आणि त्यांतल्या एकाची चाचणी आठव्या दिवशी पुन्हा पॉझिटिव्ह आली. रुग्ण बरा झाला की नाही, हे इथे मोजलेलेच नाही; नाकातला विषाणू मोजला.

एवढ्या आधारावर जगभर धावाधाव झाली. आपल्याकडे ल्युपस आणि संधिवाताचे रुग्ण नेहमीच्या गोळ्यांसाठी मेडिकलची दुकाने पालथी घालत होते. मला राग येतो तो याचा.

‘लॅन्सेट’चा मुद्दा अर्धा खरा आहे. 22 मे 2020 चा, सर्जिस्फियर कंपनीच्या आकडेवारीवरचा तो अभ्यास विश्वासार्ह नव्हता आणि दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला गेला. पण हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा निकाल त्याने लावलेलाच नाही. तो लागला ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत. तिथे गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडले होते: औषध 1561 जणांना, नेहमीचे उपचार 3155 जणांना. 28 दिवसांत पहिल्या गटातले 27 टक्के दगावले, दुसऱ्यातले 25 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीतही फायदा दिसला नाही. या दोन्हींचा सर्जिस्फियरशी काडीचा संबंध नाही.

2024 मध्ये राऊल्ट यांचा पेपर जर्नलने मागे घेतला; तो ‘दाबला’ म्हणणाऱ्यांनी मागे घेण्याची कारणे वाचावीत. नैतिक समितीची परवानगी नेमकी कधी मिळाली, अ‍ॅझिथ्रोमायसिनसाठी रुग्णांची संमती घेतली होती का, यावर समाधानकारक खुलासा झाला नाही. लेखकांपैकीच तिघांनी पद्धतीबद्दल आणि निष्कर्षांबद्दल शंका मांडून आपले नाव काढून घ्यायला सांगितले होते. ज्या संघटनेचे ते जर्नल, तिने तर एप्रिल 2020 मध्येच हा पेपर आपल्या अपेक्षित दर्जाचा नाही असे जाहीर केले होते. पुढे 2023 मध्ये राऊल्ट यांच्या संस्थेचे 248 अभ्यास एकाच नैतिक परवानगी क्रमांकावर छापलेले आढळले, तेही विषय आणि रुग्ण वेगवेगळे असताना.

राहिली सायटेशन्स. या एका पेपरला ती तीन हजारांच्या पुढे आहेत, आणि मजकुरात तोच पुरावा म्हणून मिरवला जातो. पण सायटेशन म्हणजे कोणीतरी उल्लेख केला, एवढेच. ‘हा अभ्यास सदोष आहे’ असे लिहिणाऱ्यालाही तो पेपर सायटच करावा लागतो, आणि मोजणाऱ्या यंत्रणा त्याचीही तेवढीच एकची भर घालतात. पेपर मागे घेतला तरी जमा झालेला आकडा उतरत नाही आणि एच-इंडेक्सच्या (पेपर आणि सायटेशन्सवरून काढलेला संशोधकाचा आकडा) हिशेबातही तो धरला जाऊ शकतो. त्या आकड्यावरून पेपर गाजला एवढे कळते. औषधाने किती जण वाचले, ते रिकव्हरीच्या 1561 रुग्णांकडे पाहूनच कळते.