नंबर लागला, पण राहायचं कुठे?

पावसाळा सुरू झाला की गावाकडून फोन येतात. "पोरीचा नंबर लागलाय विद्यापीठात. हॉस्टेल मिळेल ना?" 'मिळेल' असं छातीठोकपणे सांगायचं मी केव्हाच सोडलंय. 'अर्ज तर करा' म्हणतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची गणेशखिंडीत चारशेहून जास्त एकर जागा आहे. कार्यक्षेत्र पुणे, अहिल्यानगर, नाशिक. शिकायला मात्र बीड-नांदेडपासून पोरं येतात. १९४९ पासून विभाग वाढले, कोर्स वाढले. खाटा त्या मानाने नाहीत. खोटं वाटत असेल तर हॉस्टेलच्या खोल्यांत जमिनीवर गादी टाकून राहणारी पोरं बघा. 'पॅरासाइट' म्हणतात त्यांना. शिक्षण संपूनही एमपीएससीच्या नावाखाली ठाण मांडून बसलेले त्यात आहेत, त्यांना काढलंच पाहिजे. पण खोली न मिळालेला आणि रीतसर फी भरलेला विद्यार्थीही मित्राच्या खोलीत असाच चोरून राहतो. त्याला काढून कुठे पाठवणार?

"बाहेर पीजी आहेत की!" आहेत ना. औंध-बाणेरला आयटीवाल्यांच्या पगारावर भाडी ठरतात, वर डिपॉझिट आणि एजंट. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. २०१७ च्या शासन निर्णयात पुण्यासाठी निवासाचे धरले होते वर्षाला २०,००० रुपये. महिन्याला सतराशेसुद्धा होत नाहीत. एवढ्यात औंधमध्ये कॉट मिळवून दाखवा, मी स्वतः तुमचं सामान वाहून आणतो. आणि हे पैसेही हातात पडतात उशिराच. घरमालक तोवर थांबत नाही.

मुलगा एक वेळ कुठेही पथारी टाकतो. मुलीचं तसं नसतं. हॉस्टेल नाही म्हटल्यावर घरचे म्हणतात, तालुक्याच्या कॉलेजातच एम.ए. कर. अशा पोरी कुठल्याच प्रतीक्षा यादीत दिसत नाहीत, म्हणून मागणी किती आहे तेही कळत नाही.

विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था १९५५ पासून गावाकडच्या पोरापोरींच्या राहण्याची सोय करताहेत, त्यांना सलाम. पण विद्यापीठाची जबाबदारी त्यांच्या गळ्यात का?

कॅम्पसमधली झाडं तोडा असं मी म्हणत नाही. तिथे सकाळी फिरायला मीही जातो. जुन्या वसतिगृहांच्याच जागी मजले चढवता येतात. निदान एवढं करा: नव्या कोर्सला मंजुरी देताना बाहेरगावच्यांसाठी खाटा किती, हे त्याच कागदावर लिहा. आणि हॉस्टेलची यादी प्रवेशाच्या यादीबरोबर लावा, म्हणजे बापाला फी भरण्याआधी हिशेब तरी मांडता येईल.