सीटवरचं प्लॅस्टिक काढू नका

गाडी घेतलीत, छान केलंत. शोरूमच्या दारात हार घातलात, चाकाखाली लिंबं चिरडलीत, बायकोच्या हातात ती पुठ्ठ्याची भलीमोठी चावी देऊन फोटो काढलात, सोसायटीत पेढे वाटलेत. आता पुढची दहा-बारा वर्षं तुम्हाला प्रश्न पडत राहणार. टायरमध्ये हवा किती ठेवायची? सर्व्हिसिंग कधी? हा खडखड आवाज कुठून येतोय? काळजी करू नका. उत्तरं द्यायला अख्खी मुंबई टपून बसलेली आहे. वॉचमन आहे, मेहुणा आहे, पंपावरचा पोरगा आहे, तिसऱ्या मजल्यावरचे काका आहेत, ज्यांनी सगळी हयात हार्बर लाइनवर उभ्यानं काढली, पण गिअरबॉक्सबद्दल ज्यांचं मत ठाम आहे. मी स्वतः बारा वर्षं, पावसात पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या हिंदमाताच्या आसपास गाडी बाळगून आहे, त्यामुळे थोडाफार अधिकार माझाही पोहोचतो.

पहिला नियम प्लॅस्टिकचा. सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही. ते आपोआप फाटेल, मांडीला चिकटेल, मे महिन्यात त्यावर बसल्यावर पाठीखाली तळं साचेल, तरी नाही. प्लॅस्टिक आहे तोवर गाडी नवी. हाच नियम डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या त्या जाड पुस्तकाला, म्हणजे मॅन्युअलला लावा. ते ज्या सीलबंद पिशवीत आलं त्याच पिशवीत राहू द्या. वर आरसी, पीयूसी, इन्शुरन्सचे कागद, सिद्धिविनायकाचा अंगारा आणि पंक्चरवाल्याचं कार्ड रचा. त्या पुस्तकात तुमच्या जवळपास प्रत्येक प्रश्नाचं उत्तर छापलेलं असतं, ही गोष्ट खरी. पण फुकट मिळालेल्या उत्तराला या शहरात कोण विचारतो?

हवेचंच घ्या. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतं. पुढच्या टायरमध्ये किती, मागच्यात किती, चौघं बसल्यावर किती, सगळे आकडे त्यावर असतात. तिकडे बघू नका. पंपावरचा पोरगा विचारेल, "साहेब, किती टाकू?" तुम्ही आभाळाकडे बघून म्हणा, "टाक पस्तीस." पस्तीस हा आकडा वजनदार वाटतो. हवा टायर थंड असताना मोजायची असते, म्हणून तुम्ही वांद्र्याहून दहिसरला जाऊन, टायर तापवून मगच मोजा. त्यातून कुणी नायट्रोजन भरायला सांगितला तर जरूर भरा. आपल्या नेहमीच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते उरलेल्या थोड्याशा फरकाचे आणि व्हॉल्व्हवरच्या त्या हिरव्या टोप्यांचे. टोप्या सुरेख दिसतात, यात वाद नाही. स्टेपनीत हवा आहे का, हे मात्र पंक्चर झाल्यावर, रात्री अकरा वाजता, ठाण्याच्या अलीकडे तपासायचं.

मायलेजचा प्रश्न नाजूक आहे, कारण तो गाडीचा नसून इभ्रतीचा आहे. "किती देते?" असं विचारल्यावर खरं सांगणारा मुंबईकर मी अजून पाहिलेला नाही. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर चालवून काढलेला असतो. तिथे ना रिक्षा आडवी येत, ना मेट्रोचा बॅरिकेड असतो. चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यात आहे, आणि पुण्यानं दिलेला आकडा मुंबईनं निमूटपणे मान्य करावा ही अपेक्षाच मुळात गैर. शिवाय हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी. म्हणजे थोडा फटका बसणारच. पण हे सगळं समजावत बसण्यापेक्षा सोपी युक्ती आहे. पहाटे कोस्टल रोडवर जा, ८०ची मर्यादा पाळून सलग चालवा, त्या दहा किलोमीटरचा आकडा स्क्रीनवर दिसला की फोटो काढा आणि तोच वर्षभर सर्वांना सांगा. माझ्या मेहुण्याची गाडी अशीच बावीस देते. घरी असते तेव्हा ती अकरा देते.

आता क्लच. प्रभादेवीचा पूल पाडायला घेतल्यापासून वळलेल्या ट्रॅफिकमुळे दादरच्या टिळक पुलावर जो मुक्काम करावा लागतो, तो क्लचच्या अभ्यासासाठी उत्तम. चढावर गाडी उभी राहिली की हँडब्रेक लावायचा नाही. हँडब्रेक नवशिके लावतात. आपण डावा पाय अर्धवट उचलून, उजव्यानं हलका एक्सलेटर देऊन, गाडी जागेवर तोलून धरायची. यालाच हाफ क्लच म्हणतात. आत काय होतं? क्लच प्लेट धड चिकटलेली नाही, धड सुटलेली नाही, अशी घासत राहते आणि तापते. दहा मिनिटांनी जळका वास येईल. आला की काच खाली करा, पुढच्या टेम्पोकडे बघा आणि गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, "काय जाळतोय काय हा!" पुढे गॅरेजवाला क्लच प्लेट काढून दाखवेल, गुळगुळीत, जुन्या चार आण्याच्या नाण्यासारखी. तेव्हा त्याला ठणकावून सांगायचं, "हल्ली माल पूर्वीसारखा येत नाही."

सर्व्हिसिंगच्या बाबतीत तुमचा हिशेब सरळ असणार. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असं कंपनी म्हणते. त्यातलं 'जे आधी येईल ते' सोडून द्यायचं. तुमची गाडी वर्षात साडेतीन हजार किलोमीटर चालली, म्हणजे अजून जवळपास दोन वर्षं निवांत! गाडी परळहून माटुंग्याला जाते आणि येते, इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, ऑइलमध्ये ओल आणि पेट्रोलचा अंश उरतो, मीटर हलत नाही पण इंजिन तास-तास चालू असतं. या सगळ्याची नोंद किलोमीटरमध्ये होत नाही, म्हणून तुम्हीही घेऊ नका. बऱ्याच मॅन्युअलमध्ये 'कठीण परिस्थितीतला वापर' असा एक वेगळा तक्ता असतो, त्यात ऑइल लवकर बदलायला सांगतात. ते वाचून आपल्याला लडाख आठवतं, वाळवंट आठवतं. प्रत्यक्षात त्या यादीत छोट्या छोट्या फेऱ्या आणि थांबत-थांबत चालणारं ट्रॅफिक असतं. म्हणजे दादर टीटी. पण आपण कुठे वाचणार होतो?

सर्व्हिस सेंटरला गेलातच, तर काउंटरवरचा तरुण टॅब पुढे करून विचारेल: इंजिन फ्लश करायचं, इंजेक्टर क्लीनिंग करायचं, एसीत सुगंधी फवारा मारायचा? सगळ्याला होकार द्या. मग तो म्हणेल, ब्रेक ऑइल दोन वर्षं झाली, बदलायला हवं. इथे मात्र सावध व्हा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यानं त्याचा उकळबिंदू उतरतो आणि ऐन घाटात ब्रेक मऊ पडू शकतो, म्हणून ते बदलायचं असतं. म्हणजे हे काम खरंच गरजेचं आहे. तेव्हा नेमकं तिथेच म्हणायचं, "एवढं राहू दे, पुढच्या वेळी बघू." कुठेतरी बचत नको का करायला?

पण मुंबईतल्या गाडीची खरी देखभाल म्हणजे जागेची देखभाल, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलंच असेल. आमच्या गल्लीत सात इमारती आणि अकरा जागा. अशा ठिकाणी एकदा गाडी लागली की ती हलवणं म्हणजे वडिलोपार्जित जमीन विकणं. आमच्याकडे नाटकाला टॅक्सीनं जातात, हॉस्पिटलला टॅक्सीनं जातात; शेजारच्यांच्या मुलीच्या लग्नाला वरात टॅक्सीनं गेली, कारण रविवार होता आणि गाडीला जागा चांगली मिळाली होती. मग बॅटरी बसते. यावर वॉचमनचा उपाय असा की रोज पाच मिनिटं गाडी जागेवरच चालू ठेवायची. त्यानं बॅटरी धड भरत नाही. गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवावी लागते. पण अर्ध्या तासात जागा जाते. त्यामुळे तुम्ही दर दोन वर्षांनी बॅटरीच बदला, ती जागेच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडते.

उभ्या गाडीत बिऱ्हाड करतात उंदीर. कधी घुशीसुद्धा. वायर कुरतडली की एका सकाळी डॅशबोर्डवर दिवाळी लागते. यावर गल्लीत दोन पंथ आहेत, तंबाखूची पानं आणि डांबराच्या गोळ्या. मी दोन्ही वापरलं. एकदा बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यावर गोळ्या नीट एका बाजूला सारलेल्या, तंबाखूचं अंथरूण केलेलं आणि त्यावर खोबऱ्याचा एक तुकडा. शेंडीचा धागा अजून चिकटलेला. दसऱ्याला मीच बॉनेटवर वाढवलेला नारळ होता तो. प्रसाद यजमानांपर्यंत पोहोचला होता.

गाडी चालवण्याविषयी फार सांगत नाही, तुम्हाला येतंच. हॉर्नबद्दल एक आठवण: २०२०च्या सुमारास पोलिसांनी काही सिग्नलना आवाज मोजायची यंत्रं लावली होती. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. लोक काय करत होते? सिग्नल का सुटत नाही म्हणून हॉर्न वाजवत होते. पाऊस लागला की चारही इंडिकेटर लावा, म्हणजे तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे शेवटपर्यंत गुपित राहील. मागच्या सीटचे बेल्ट मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे झाले, तेव्हा ते बाहेर काढा. कुठे आहेत? सीटच्या फटीत, शेंगदाण्याच्या सालांखाली. पुढच्या बेल्टची टिंगटिंग बंद करणारी खोटी क्लिप पन्नास रुपयांत मिळते, जिवाच्या मानानं स्वस्तच म्हणायची.

राहता राहिला पाऊस. प्रत्येक मुंबईकर ड्रायव्हर तुम्हाला २६ जुलै २००५ सांगेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोक बंद काचांच्या गाड्यांमध्ये अडकून गेले. इथवर आवाज उतरलेला असतो, आणि लगेच तोच माणूस म्हणतो, "त्याही दिवशी आपण गाडी काढली होती!" ही परंपरा मीही पाळली. एका जुलैत, हिंदमाताला. पाणी बंपरपर्यंत होतं. समोरची बस गेली म्हणून मी गेलो. बसची हवा ओढायची नळी माझ्या डोक्याच्या उंचीवर असते हा विचार मनाला शिवला नाही. बसनं उठवलेली लाट बॉनेटवरून आली आणि गाडीनं एक उसासा टाकून मान टाकली.

मी मेहुण्याला फोन लावला. तो डोंबिवलीत, कोरड्या गॅलरीत होता. "भावोजी, सेल्फ मारा. एक्सलेटर पूर्ण दाबून मारा!" मी मारला. पुन्हा मारला. तिसऱ्या वेळी आतून 'टक्' असा आवाज आला, फार मोठा नाही, सुपारी फुटावी तेवढा.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर येऊ बघतो, त्याला जागा मिळत नाही, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. हे मला चार दिवसांनी गॅरेजवाल्यानं सांगितलं. त्यानं तो रॉड फडक्यानं पुसून स्टुलावर ठेवला, आमटीच्या डावासारखा वळलेला. म्हणाला, "साहेब, ढकलून बाजूला लावली असती तर फिल्टर बदलून, ऑइल बदलून, सुकवून दिली असती. तुम्ही सेल्फ कशाला मारला?" इन्शुरन्सच्या सर्व्हेअरनंही नेमकं हेच विचारलं, फक्त त्यानं लिहून घेतलं. मग म्हणाला, इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनाचं जादा विमा-कवच, घेतलेलं दिसत नाही. नव्हतंच घेतलं. नूतनीकरणाच्या वेळी त्या ओळीवर मीच काट मारली होती, आणि वाचलेल्या पैशांत सीट कव्हर घेतली होती, प्लॅस्टिकवरून घालायला.

गाडी टोचन लावून नेण्याआधी आम्ही आतलं सामान घरी आणलं. आरसीचा लगदा झाला होता, अंगारा विरघळला होता, पंक्चरवाल्याच्या कार्डावरचा नंबर पुसला गेला होता. कोरडी राहिलेली एकच वस्तू होती, सीलबंद पिशवीतलं मॅन्युअल. बायकोनं कात्री घेतली, पिशवी कापली, अनुक्रमणिका काढली, एक पान उघडलं आणि चार ओळी आधी इंग्रजीत वाचल्या, मग मला नीट कळाव्यात म्हणून मराठीत सांगितल्या. गाडी पाण्यात बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

मी तिला एवढंच म्हणालो, "प्लॅस्टिक कशाला फाडलंस?"