आधी क्वेरी बघा, मग डिस्क
एका लेखात म्हटलंय की डेटाबेस स्लो झाला की आधी रॅम वाढवा आणि एसएसडी टाका, मला हा क्रम अजिबात पटला नाही. आमच्याकडे एक रिपोर्ट उघडायला मिनिटभर लागायचा, सगळे सर्व्हरच्या नावाने बोटं मोडत होते, शेवटी एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ (क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, प्रत्यक्षात कशी चालते ते दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी, पटकन शोधायची सोय) होता पण व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीतल्या अटीत, तोच कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळलेला, त्यामुळे इंडेक्स वापरलाच जात नव्हता आणि दरवेळी अख्खं टेबल वाचलं जायचं. फंक्शन काढून सरळ या तारखेपासून त्या तारखेच्या आधीपर्यंत अशी रेंज दिली आणि तोच रिपोर्ट चुटकीसरशी यायला लागला.

आणि एसएसडी घेतलीच असेल तर पोस्टग्रेस या डेटाबेसला तसं सांगा तरी! रँडम पेज कॉस्ट, म्हणजे डिस्कवरचं कुठलंही एक पान वाचायचा अंदाजे खर्च सांगणारी सेटिंग, डिफॉल्ट ४ असते, ती फिरत्या डिस्कच्या हिशोबाने, एसएसडीवर बरेच जण ती १.१ ठेवतात, मग प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) इंडेक्सकडे जास्त वळतो. वर्क मेम (क्वेरीच्या कामाला वापरता येणाऱ्या रॅमची मर्यादा) मात्र जपून वाढवा, डिफॉल्ट ४ एमबी आहे पण तो आकडा कनेक्शनमागे नाही, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला (क्रम लावण्याला) आणि हॅशला (जुळणी किंवा गट करायच्या तात्पुरत्या टेबलला) वेगळा लागू होतो, त्यामुळे १०० कनेक्शन एकदम कामाला लागली की रॅम कधी संपली कळत पण नाही.

डिस्कचा खरा फायदा कमिटला, म्हणजे बदल पक्का करण्याला होतो, कारण लॉग (बदलांची नोंद) डिस्कवर उतरेपर्यंत कमिट थांबून राहतं. तिथे पॉवर लॉस प्रोटेक्शनवाली (लाईट गेली तरी हातातला डेटा वाचवणारी) एसएसडी घ्या, पण स्पीडसाठी एफसिंक (डेटा खरंच डिस्कवर उतरला याची खात्री करणारी सेटिंग) बंद करू नका प्लीज, लाईट गेली तर डेटा करप्ट होऊ शकतो.