‘बिकॉज’ने वाक्य सुरू करता येतं

“इंग्रजी वाक्य ‘बिकॉज’ने कधीच सुरू करू नये” हा मेसेज पुन्हा फिरतोय. असा नियमच नाही. ‘बिकॉज इट रेन्ड, वी स्टेड होम’ हे वाक्य निर्दोष आहे. मधला स्वल्पविराम तेवढा विसरू नका. चुकतं ते नुसतं ‘बिकॉज इट रेन्ड’ लिहून पूर्णविराम देणं, कारण मुख्य वाक्य आलेलंच नसतं. मुलांची अशी अर्धवट उत्तरं थांबवायला वर्गात सरसकट बंदी घातली जाते, आणि तीच पुढे व्याकरण म्हणून मिरवते.

आपली खरी खोड वेगळीच आहे. ‘जरी–तरी’च्या सवयीने आपण ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड’ लिहून मोकळे होतो. त्यातला ‘बट’ काढा.