मेनफ्रेम इंटरनेटला जोडता येत नाही, असं कोणी सांगितलं?

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतोय. म्हणे, बँका-विमा कंपन्यांचा डेटा साठ वर्षं जुन्या मेनफ्रेमवर, म्हणजे प्रचंड व्यवहार हाताळणाऱ्या मोठ्या संगणकावर, अडकलाय. तो इंटरनेटला जोडता येत नाही म्हणून अॅप कोसळतात, पण जोडलेला नाही म्हणूनच तो सुरक्षितही आहे. उपाय एकच: मेनफ्रेम मोडीत काढा.

मुळात आपल्याकडे हा मजकूर फारसा लागूच होत नाही. स्टेट बँकेचं कोअर बँकिंग, म्हणजे खात्यांचा मूळ हिशेब, टीसीएसच्या ‘बँक्स’ या सॉफ्टवेअरवर चालतं, मेनफ्रेमवर नाही. हिंजवडीत रात्रपाळीला सांभाळले जातात ते मेनफ्रेम बहुतेक अमेरिकेतल्या-युरोपातल्या कंपन्यांचे.

‘साठ वर्षं जुनं’: आयबीएमने सिस्टिम/३६० ही मेनफ्रेमची मालिका जाहीर केली १९६४ मध्ये, हे खरं. पण त्याच घराण्यातलं झेड१६ आलं २०२२ मध्ये. जुना असतो तो कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम.

‘जोडता येत नाही’: साफ खोटं. मेनफ्रेमवर व्यवहार हाताळणारं सीआयसीएस हे सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकातच वेबवरून विनंत्या घेऊ लागलं. त्याआधीचा जुगाड म्हणजे स्क्रीन स्क्रेपिंग. टर्मिनलचा हिरवा पडदा २४ ओळींचा, ८० रकान्यांचा. मधलं सॉफ्टवेअर काउंटरवरचा कारकून असल्यासारखं लॉगिन करायचं आणि ठरलेल्या ओळीतल्या ठरलेल्या रकान्यातून शिल्लक उचलायचं. कोणी पडद्याची मांडणी जराशी हलवली की बोंब! आता एपीआय, म्हणजे दोन प्रोग्रामनी थेट बोलण्याचे ठरलेले मार्ग, आहेत, तरी खरी डोकेदुखी भाषांतराचीच. मेनफ्रेमवर अक्षरं एब्सिडिक नावाच्या संकेतात साठवलेली असतात, बाहेरचं जग आस्की या दुसऱ्या संकेताच्या वंशातलं. त्यात कोबोलमध्ये रकमेतलं दशांशचिन्ह बहुधा साठवलंच जात नाही. ते कुठे आहे हे फक्त प्रोग्रामच्या व्याख्येत लिहिलेलं असतं. साठवलेलं असतं १२३४५०. ती व्याख्या न वाचता एपीआय बांधला, तर १२३४.५० डॉलरचा खातेदार क्षणात लखपती.

‘अॅप कोसळतात ते मेनफ्रेममुळे’: एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीत बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा गव्हर्नर फिल मर्फींनी कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना हाक दिली आणि जगभर कोबोलची नालस्ती झाली. पुढे कळलं की धापा टाकत होती ती जावा या दुसऱ्या भाषेत लिहिलेली वेबसाइट. मात्र एक तक्रार रास्त आहे: रात्रीच्या बॅचसाठी, म्हणजे साठलेली कामं एकगठ्ठा उरकण्यासाठी, ऑनलाइन व्यवहार थांबवायची सवय मेनफ्रेमच्याच जमान्यातली.

‘जोडलेलं नाही म्हणून सुरक्षित’: सगळ्यात घातक वाक्य हेच. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या लॉजिका कंपनीच्या मेनफ्रेममध्ये घुसखोरी झाल्याचं उघड झालं. पुढच्याच वर्षी ‘पायरेट बे’ या फाइल-शेअरिंग वेबसाइटच्या एका संस्थापकाला त्यासाठी शिक्षा झाली. ‘आत कोण येणार’ म्हणून जिथे वर्षानुवर्षं परवानग्या तपासल्याच जात नाहीत, तिथे एक चोरलेला पासवर्ड पुरतो.

‘मोडीत काढा’: ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये लॉइड्सची जुनी यंत्रणा सोडून नवी घेतली. डेटा नीट पोचला, नवी यंत्रणाच कोलमडली. सगळ्या शाखांना फटका बसला, घडी बसायला डिसेंबर उजाडला, आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड ठोठावला.